डुब्रोवनिकहून मोस्तार एका दिवसात, मदत हवी आहे

मंडळी, बडोद्याच्या दांडिया बाजारातून नमस्कार. आई-बाबांना घेऊन क्रोएशियाला जायचंय, आणि डुब्रोवनिकहून एक दिवस बॉर्डर ओलांडून बोस्नियात पोचितेलचा पडका किल्ला बघून पुढे मोस्तार करायचा विचार आहे. बाबांना तिथला १५६६चा दगडी पूल बघायचाच आहे, १९९३ला युद्धात पाडला आणि २००४ला पुन्हा तसाच उभा केला, त्यांना सगळं कौतुक त्या पुन्हा बांधण्याचंच (सिव्हिल इंजिनिअर ना!).

आता घोळ असा की क्रोएशिया २०२३पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) आलाय, म्हणजे बोस्नियात गेलो की आपण शेंगेनच्या बाहेर, मग संध्याकाळी परत यायला मल्टिपल एन्ट्री व्हिसाच लागणार ना? एजंट म्हणतोय सिंगल चालेल, मला काही ते पटत नाहीये. मल्टिपल असला तर बोस्नियाचा वेगळा व्हिसा लागत नाही असं वाचलंय, बडोद्याचं कुणी हल्ली जाऊन आलं असेल तर बॉर्डरवर काय काय विचारतात ते प्लीज सांगा.

आणि आईचे गुडघे. पूल चांगलाच चढा, दगड घासून गुळगुळीत, पाय टेकायला मध्येमध्ये आडव्या पट्ट्या आहेत तेवढाच आधार. बसने जावं की गाडीच ठरवावी? पोचितेलला आई खालीच कॉफी पीत बसली तर चालेल ना?