आदर्श मोबाइल कॅमेरा कोणता: आहे ते टिपणारा की छान करून दाखवणारा?

बिनसाखरेचा
परवा आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. फोटो सगळे माझ्या नवीन फोनवर, मोठ्या कौतुकाने घेतलेला, जाहिरातीत नुसता कॅमेराच कॅमेरा. संध्याकाळी बघतो तर आजीच्या हनुवटीवरचं गोंदण गायब! तीन हिरवे ठिपके, तिच्या आईने जत्रेत गोंदवून घेतलेले, सत्तर वर्षं आहेत तिथेच. फोनला ते डाग वाटले, पुसून मोकळा. गाल तर असे गुळगुळीत की मेणाची बाहुली. आजी फोटो डोळ्याजवळ नेऊन म्हणते, "माझ्या जागी कोणाला बसवलंत रे?"
तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. आदर्श कॅमेरा म्हणजे समोर आहे ते निमूट टिपणारा. मेगापिक्सेल, झूम वगैरे नंतर. बोला.

पिक्सेलपुराण
गोंदणाचं वाईट वाटलं, पण राग भलत्यावरच काढताय. चेहरा गुळगुळीत करणारा ब्युटी मोड चालू राहिला असणार, बऱ्याच फोनमधे तो डब्यातून बाहेर येतानाच चालू असतो. म्हणून प्रोसेसिंगच नको म्हणणं म्हणजे एक खडा लागला म्हणून अख्खा भात टाकून देणं झालं. अहो सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, असतो केवढा, करंगळीच्या नखाएवढा, त्यावर प्रकाश तो किती पडणार? म्हणून बटण दाबलं की फोन भराभर कितीतरी फ्रेम घेतो, एकमेकांवर बसवतो, नॉइज म्हणजे दाणेदारपणा काढतो, मागचं आकाश पांढरंफटक पडू देत नाही आणि पुढचा चेहरा काळा पडू देत नाही. गूगलने 2017 मधे पिक्सेल 2 ला मागे एकच कॅमेरा दिला तरी त्याच्या पोर्ट्रेटचं, म्हणजे मागचं धूसर करणाऱ्या फोटोंचं, लोक कौतुक करत होते, पुढच्या वर्षी अंधारात फोटो काढणारं नाइट साइट आलं, ही सगळी सॉफ्टवेअरचीच करामत. पटत नसेल तर दिवेलागणीला प्रो मोडमधे, जिथे सगळं आपण ठरवतो, रॉ म्हणजे प्रोसेसिंग न झालेला फोटो काढून बघा, मग बोलू.

घाटमाथा
फ्रेम जुळवणं वेगळं आणि नसलेलं घुसडणं वेगळं. 2023 मधली सॅमसंगच्या चंद्राची भानगड आठवते का? एका पठ्ठ्याने चंद्राचा फोटो 170 बाय 170 पिक्सेलचा केला, वर ब्लर मारला, कॉम्प्युटरवर लावला, खोलीत अंधार केला आणि लांबून त्याचाच फोटो काढला. स्क्रीनवर नुसता धुरकट गोळा आणि फोटोत खड्डे-डाग सगळं हजर. कंपनीनेही मग सांगितलं की सीन ऑप्टिमायझर नावाची सोय चंद्र ओळखून एआयने डिटेल वाढवते, नको असेल तर बंद करा. आता कोजागरीला गच्चीवर मी काढलेला चंद्र माझा म्हणायचा की त्यांचा?

पिक्सेलपुराण
चंद्र सगळ्यांचा एकच हो, बाजूसुद्धा एकच दिसते 😀

नोकियावाला_अजूनही
हे सगळे वाद 2012 मधेच मिटले असते. नोकिया 808 प्युअरव्ह्यू, 41 मेगापिक्सेल, 1/1.2 इंची सेन्सर, खरा झेनॉन फ्लॅश. पण नेहमीच्या मोडमधे फोटो काढायचा 5 मेगापिक्सेलचा, बरेच पिक्सेल मिळून एक चांगला पिक्सेल. आज 200 मेगापिक्सेल म्हणून विकतात त्यातही सोळाचा एक होऊन हातात साडेबाराच येतात. आणि "एक इंची सेन्सर" वाचून उड्या मारू नका, तो 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा असतो, कर्ण मोजला तरी 16 मिलिमीटरच्या आसपास, इंचाचं नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या नळ्यांच्या मापावरून चिकटलंय. मोठा सेन्सर आणि चांगली लेन्स, बाकी सगळा मेकअप.

दोन_पिल्लांची_आई
तुम्ही चंद्रावरून भांडा, तो जागेवरून हलत तरी नाही. माझी धाकटी दोन वर्षांची. बटण दाबलं की फोन विचार करत बसतो तोवर पोरगी पसार, फोटोत उरतो फ्रॉकचा घेर. ओआयएस, म्हणजे फोटो हलू न देणारी सोय, आहे म्हणून जास्तीचे पैसे मोजले, मग कळलं की ते माझा हात हलला तर कामाचं, पोरगी हलली तर नाही. तिथे शटर स्पीड वाढवावा, म्हणजे प्रकाश घ्यायचा वेळ कमी करावा लागतो आणि घरातल्या ट्यूबलाइटमधे तो वाढवला की अंधार. आणि मागे तो अगदी जवळून फोटो काढायचा 2 मेगापिक्सेलचा मॅक्रो, लिंबू-मिरचीसारखा नुसता लटकवलेला. मला दाबल्या क्षणी फोटो काढणारा कॅमेरा द्या, रंग काय यायचे ते येऊ देत.

सोयाबीनवाला
रंग काय यायचे ते येऊ देत? आमच्याकडे ये ताई.
2021 पासून ई-पीक पाहणी आली, सातबाऱ्यावर पीक लावायचं तर शेतात उभं राहून फोटो टाकावा लागतो, भर उन्हात स्क्रीन दिसत नाही, टोपी आडवी धरून काढतो, ते चालवून घेतो. पण मागल्या हंगामात पानं पिवळी पडायला लागली, मला पिवळा मोझॅक रोग वाटला, म्हणून चार फोटो कृषी सेवा केंद्रवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. त्याचा रिप्लाय, "भाऊ पीक तर झकास हिरवंगार आहे." फोनने झाडं ओळखली आणि हिरवा रंग चढवून दिला! शेवटी दोन झाडं मुळासकट उपटली, गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलवर घेऊन गेलो तेव्हा त्याला पटलं. रोगट पान रोगट दिसलं पाहिजे, एवढीच अपेक्षा.

पिक्सेलपुराण
हे मात्र मान्य, असा रंग चढवणं बंद करायचं बटण समोरच पाहिजे, सात मेनूंच्या आत नको. पण "निमूट टिपणारा" कॅमेरा नसतोच हो. बल्बच्या उजेडात पांढरा सदरा पिवळट असतो, आपले डोळे तो पांढरा करून घेतात, फोनलाही व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते, ठरवावाच लागतो. कोणीतरी ठरवणारच.

बिनसाखरेचा
अपडेट. ब्युटी खरंच ऑटोवर होता, मान्य. तो बंद केला आणि प्रो मोडमधे आजीला खिडकीपाशी बसवून पुन्हा फोटो काढला. तिन्ही ठिपके आले, सुरकुत्या सगळ्या आल्या, मी खूश. आजीने दोन्ही फोटो शेजारी धरून बघितले आणि आईला म्हणाली, गोंदण ह्यातलं चांगलं आलंय, पण लुगड्याचा रंग पहिल्यातच खुलला होता.

पिक्सेलपुराण
आणि तो कोणी खुलवला? 😀