मदत हवी आहे: मावसभावाला जामीन राहू का?

जय ख्रिस्त मंडळी. मावसभावाला शिरोली एमआयडीसीत स्वतःचं लेथ मशीन टाकायचंय. पतसंस्थेचं कर्ज, जामीनदार मी. फॉर्मवर माझं नाव पेन्सिलनं लिहूनच आणलंय बघा! पोरगं कष्टाळू आहे, पण मागं गाडीचे हप्ते थकवले होते.

बायबलमधलं नीतिसूत्रे 6:1-5 सांगतं, जामीन राहिला असशील तर पारध्याच्या हातून हरिण सुटतं तसा सुटून घे. 22:27 मध्ये तर अंगाखालचं अंथरूण जाईल म्हटलंय. उलट फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात (फिलेमोन 18) प्रेषित पौल अनेसिम नावाच्या दासाचं देणं स्वतःच्या नावावर घेतो. (पौलाच्या पगारातनं कपात होणार नव्हती म्हणा.)

बायको म्हणते, जामीन नको, झेपेल तेवढी रक्कम हातावर ठेवा. असं कुणी केलंय का? आणि मावशीला न दुखवता सांगायचं कसं? रविवारी उपासना सुटली की ती विचारणारच.