पहिल्या नंबरने उचललेली पोरं एनएचएलमध्ये टिकत का नाहीत?

बर्फाळबंडू (धागाकर्ता)

काल बेसमेंट आवरताना तळाच्या खोक्यात एक जर्सी सापडली. एडमंटन ऑयलर्सची, पाठीवर याकुपोव्ह. २०१२ मध्ये पोरगा सहा वर्षांचा होता, वाढत्या अंगाची म्हणून दोन साइज मोठी घेतलेली. ती त्याला अंगासरशी बसायला लागली तोवर याकुपोव्हचीच एडमंटनमधून उचलबांगडी झाली. बायको अजून टोमणे मारते.

इथे आइस हॉकी न बघणारे बरेच आहेत म्हणून थोडक्यात सांगतो. एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातली व्यावसायिक लीग, आता ३२ संघ. दरवर्षी ड्राफ्ट होतो, अठराच्या आसपासची पोरं संघ आळीपाळीने उचलतात, सात फेऱ्या. तळाच्या संघांना वरचे नंबर मिळावेत अशी सोडत असते. २०१२ ला पहिला नंबर एडमंटनचा होता आणि त्यांनी नेल याकुपोव्हला घेतलं. मूळचा तातारस्तानातला, खेळायचा ऑन्टारियोत सार्निया स्टिंगकडून. तिथे पहिल्याच मोसमात ४९ गोल, १०१ पॉइंट (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून). त्याच सार्नियात, पुढे एनएचएल गाजवलेल्या स्टीव्हन स्टॅमकोसने केलेले नवख्यांचे विक्रम याने मोडले होते.

२४ जानेवारी २०१३, लॉस एंजेलिस किंग्जविरुद्धची मॅच. ४.७ सेकंद उरलेले असताना याकुपोव्हने बरोबरीचा गोल मारला आणि गुडघ्यांवर घसरत जो सुटला तो सुटलाच. आमच्या सोफ्याचं एक स्प्रिंग त्या रात्री गेलं. तो मोसम मालक-खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीमुळे ४८ सामन्यांचाच होता. त्यात याचे १७ गोल, नवख्यांमध्ये सगळ्यांत जास्त. पुढच्या मोसमात ६३ सामन्यांत ११. मग २०१६ ला सेंट लुइस, तिथून कोलोरॅडो, आणि २०१८ ला परत रशिया. एनएचएलमध्ये एकूण ३५० सामने, ६२ गोल.

माझं मत: पोरात खोट नव्हती. अशा पोरांना संघ वापरतात चुकीचं. आक्रमक तिघातिघांच्या लाइनी करून आळीपाळीने बर्फावर उतरतात, भारी गडी वरच्या लाइनीत. पहिल्या दोन लाइनी भरलेल्या असल्या की याला चौथीत टाकतात. तिथे मॅचमध्ये आठ-नऊ मिनिटं बर्फावर मिळणार, सोबत धडका मारणारे गडी, आणि काम काय, तर गोल खाऊ नका. आयुष्यभर जिलेबी काढलेल्या आचाऱ्याला पंगतीत पाणी वाढायला उभं करायचं आणि वर म्हणायचं, याच्या हाताला चव नाही!

आकडेमोड

साफ असहमत. बंडूशेठ, तुमच्याच संघातला माणूस विसरलात. रायन न्यूजंट-हॉपकिन्स, २०११ चा पहिला नंबर. याकुपोव्हच्या एक वर्ष आधीचा. तोच हरणारा संघ, तेच प्रशिक्षक: क्रुगर गेले, इकिन्स आले, ते गेले, नेल्सन आले, मग मॅक्लेलन. चार वर्षांत चार जण. ऑयलर्स २००७ ते २०१६ सलग दहा वर्षं प्लेऑफबाहेर (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांबाहेर) होते, ते दोघांच्याही वाट्याला आलं. न्यूजंट-हॉपकिन्स मात्र तिथेच टिकला आणि २०२२-२३ मध्ये त्याने १०४ पॉइंट काढले.

फरक काय? त्याला कुठेही उभा करा. फेसऑफ (पक, म्हणजे रबरी चकती, टाकून खेळ सुरू होतो तेव्हाची झुंज) घेईल, एक गडी कमी असताना बचाव करेल, विंगवर, म्हणजे कडेला, टाका तर विंगवर खेळेल. याकुपोव्हला एकच गोष्ट येत होती, उजव्या वर्तुळातून पहिल्या फटक्यात शॉट. ती चालेनाशी झाल्यावर काय करायचं, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. दुसऱ्या मोसमात त्याचं प्लस-मायनस (तो बर्फावर असताना संघाने मारलेले वजा खाल्लेले गोल) उणे ३३ होतं. एवढं सगळं कोचच्या माथी मारता येत नाही.

बर्फाळबंडू

न्यूजंट-हॉपकिन्स सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, होता आणि पहिल्या दिवसापासून वरच्या दोन लाइनीत होता. त्याला चुका करायला जागा मिळाली. याकुपोव्हला २०१३ च्या ऑक्टोबरातच, मोसम सुरू झाल्या झाल्या, दोन सामने कपडे घालून प्रेसबॉक्समध्ये बसवलं. कपडे म्हणजे सूट-टाय, खेळायचे नव्हेत.

आणि जागा बदलली की काय होतं त्याचं उदाहरण घ्या, सॅम बेनेट. २०१४ चा चौथा नंबर, कॅलगरी. तिथे आज विंग, उद्या सेंटर, परवा चौथी लाइन. सहा-सात वर्षं लोक 'फुकट गेलेला पिक' म्हणत होते. २०२१ च्या एप्रिलात फ्लोरिडाने घेतला. २०२४ आणि २०२५ ला स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, आणि २०२५ च्या प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्मायथ. त्याच ड्राफ्टमधला दुसरा नंबर सॅम राइनहार्ट बफलोत बरा होता, बस. फ्लोरिडात एका मोसमात ५७ गोल. माणूस तोच, हात तेच.

खडकीकर

मी शीर्षक वाचून धनराज पिल्लेंवर काहीतरी असेल म्हणून धावत आलो. आमच्या खडकीत हॉकी म्हणजे हॉकी, त्याला आइस लावावं लागत नाही. असो, आलोच आहे तर बसतो. चहा सांगा.

एक विचारतो. हे पृथ्वी शॉसारखंच नाही का? पदार्पणाच्या कसोटीत १३४, आणि २०२४ च्या आयपीएल लिलावात कुणी बोली लावली नाही. पोरं लवकर वर चढतात आणि सगळे म्हणतात डोक्यात हवा गेली. हवाच कारण असते का दर वेळी?

आकडेमोड

खडकीकर, पूर्ण तुलना जमत नाही. क्रिकेटमध्ये रणजी आहे, तिथे वीस-बावीस वर्षांचा होईपर्यंत बाप्यामंडळींसमोर खेळून होतं. हॉकीच्या ज्युनिअरमध्ये सोळा ते वीसची पोरं पोरांशीच खेळतात.

बर्फाळबंडू

हेच तर म्हणतोय! कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधून उचललेल्या पोराला वीसचा होईपर्यंत इतकी वर्षं दोनच वाटा होत्या. एनएचएल, नाहीतर परत ज्युनिअर. मधली एएचएल, म्हणजे खालची व्यावसायिक लीग, करारानुसार बंद. म्हणजे दहावी झालेल्याला सांगायचं, एकतर एमए कर नाहीतर परत दहावीत बस.

वर वेव्हर्सची भानगड. ठरावीक वर्षं किंवा सामने झाले की खाली पाठवताना बाकीच्या सगळ्या संघांसमोर नाव ठेवावं लागतं, कुणीही फुकटात उचलू शकतो. पोरगं जितकं लवकर वर खेळवाल तितकं ते घड्याळ लवकर चालू होतं. मग त्याला खालीही पाठवत नाहीत आणि वरही खेळवत नाहीत.

आकडेमोड

मग येस्से पुल्युयार्वीचं काय? २०१६ चा चौथा नंबर, पुन्हा तुमचंच एडमंटन. फिनलंडहून आला म्हणून त्याला एएचएलची वाट मोकळी होती. पहिल्या मोसमात २८ सामने, एक गोल, मग एएचएलमध्ये बेकर्सफील्डला पाठवला. तुमची मधली पायरी मिळाली की! तरी गाडी रुळावर आली नाही, २०१९ ला फिनलंडला परत गेला.

विनिपेगचा_वारा

पुल्युयार्वीचं नाव घेताना एवढं तरी सांगा की २०२३ मध्ये त्याच्या दोन्ही खुब्यांवर शस्त्रक्रिया झाली. पंचविशीच्या पोराचे दोन्ही खुबे! तो आधी कसा स्केटिंग करत होता हे आपण सोफ्यावर बसून ठरवतो. नोलन पॅट्रिक, २०१७ चा दुसरा नंबर, फिलाडेल्फिया. मायग्रेनमुळे २०१९-२० चा अख्खा मोसम गेला, कारकीर्द २२२ सामन्यांत आटोपली. त्याच्या मागून तीन, चार, पाच नंबरवर कोण गेलं? हाइस्कनेन, मकार, पेटरसन, तिघेही पुढे बडे खेळाडू झाले. आता त्याच्या नावावर यादीत कायम 'फसलेला' शिक्का. डोकं दुखणं हा दोष आहे का?

तुमच्या दोघांच्या भांडणात शरीर कुठेच नाही.

मिसिसागाची_काकू

मी या विषयातली तज्ज्ञ नाही. पण दहा वर्षं पहाटे साडेपाचला रिंकवर बसून बूड गोठवलंय, तेवढ्यावर बोलते.

माझा लेक विंगर होता. चौदाव्या वर्षी वरच्या गटात गेला तेव्हा कोच एकच गोष्ट घोटून घ्यायचे. आपल्या गोलाजवळून डिफेन्समन पक बोर्डाच्या, म्हणजे रिंकभोवतीच्या भिंतीच्या, कडेने विंगरकडे ढकलतो. विंगरची पाठ बोर्डाला, पक घासत येतोय, आणि समोरून त्यांचा डिफेन्समन अंगावर येतोय. हातात अर्धा सेकंद. वळून सुंदर पास द्यायचा मोह होतो. तो द्यायचा नाही. काचेला आपटून पक ब्लू लाइनच्या, म्हणजे आपल्या भागाच्या सीमेच्या, बाहेर घालवायचा, मार खायचा आणि बेंचवर यायचं. दिसायला एकदम भिकार खेळ. कुणी टाळी वाजवत नाही.

आमच्या संघात एक मुलगा होता, सगळ्यांत हुशार. तो दर वेळी वळायचा. दहातून सात वेळा तीन जणांना चकवून निघायचा आणि आम्ही उभं राहून ओरडायचो. उरलेल्या तीन वेळांत आमच्यावर गोल. त्याला कुणी बसवला नाही, कारण ते सात आम्हाला हवे होते. वरच्या पातळीवर सातचे दोन होत असणार आणि तीनचे आठ. चौथी लाइन नको, पहिली लाइन हवी, सगळं खरं. पण बोर्डावरचा तो अर्धा सेकंद पहिल्या लाइनीलाही चुकत नाही. तो चौदाव्या वर्षी शिकवायचा असतो आणि भारी पोरांना तेव्हा कुणीच शिकवत नाही. आम्ही पालक तर नाहीच नाही.

खडकीकर

काकूंचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्याकडे याला 'बॉल सोड की रे' म्हणतात.

आकडेमोड

काकू, दंडवत. पण माझा मूळ मुद्दा याच्याही आधीचा आहे. निवडच अठराव्या वर्षी होते हा सगळा घोळ आहे. ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण लागतात. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबरचा. दोन दिवसांनी हुकला, ते वर्ष झुरिकमध्ये मोठ्या माणसांच्या लीगमध्ये काढलं, आणि २०१६ ला पहिला नंबर.

आता याकुपोव्ह. जन्म ६ ऑक्टोबर १९९३. म्हणजे २०१२ च्या ड्राफ्टला तो पहिल्यांदा पात्र ठरलेल्यांतला जवळजवळ सर्वांत थोराड. त्या वयात आठ-दहा महिने म्हणजे अंगापिंडात केवढा फरक! सोळा-सतराच्या पोरांत हा जोरदार दिसणारच. आणि त्याच ड्राफ्टमध्ये अकराव्या नंबरला फोर्सबर्ग, एकोणिसाव्याला वासिलेव्हस्की, १२० व्याला जेकब स्लेव्हिन, १३० व्याला कॉनर हेलबक, सगळे पुढे बडे खेळाडू झाले. चौथ्याला ग्रिफिन राइनहार्ट, कारकीर्द ३७ सामने. ही पोरं बिघडली वगैरे काही नाही. आपण त्यांना नंबर चुकीचे दिले आणि नंतर नंबराच्या हिशेबाने शिव्या दिल्या.

विनिपेगचा_वारा

१३० व्या नंबरचा हेलबक आमचा. नुसती आठवण करून देतोय.

बर्फाळबंडू

जन्मतारखेचा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता, तो घेतला. काकूंचाही घेतला, थोडा नाखुशीने. काल रात्री जुन्या क्लिपा लावून बसलो होतो. पहिल्या मोसमातल्या नव्हे, तिसऱ्या मोसमातल्या. पाच-सहा वेळा तरी बोर्डावर वळलेला दिसला. पण त्याच क्लिपांत मोकळा उभा राहून स्टिक बर्फावर आपटत पक मागतानाही दिसतो, आणि पक येत नाही. तेही बघा.

आकडेमोड, निवड चुकली हे मान्य केलं तरी चुकलेल्या निवडीचं पुढे काय करायचं हा प्रश्न उरतोच. स्टॅमकोसलाही पहिल्या वर्षी सुरुवातीला मिनिटंच मिळत नव्हती. कोच बदलला, आणि दुसऱ्या वर्षी ५१ गोल.

आकडेमोड

स्टॅमकोस स्टॅमकोस होता हो! एका उदाहरणावर किती दिवस काढणार?

बर्फाळबंडू

तुम्ही न्यूजंट-हॉपकिन्सवर काढलेत तेवढे.

मिसिसागाची_काकू

भांडा निवांत. बंडू, ती जर्सी टाकणार असाल तर मला द्या. बहिणीचा नातू नऊ वर्षांचा आहे, नुकताच इकडे आलाय, स्केटिंग शिकतोय. नाव काय, उसवता येतं.

बर्फाळबंडू

नाव उसवणार नसाल तर देतो.