शब्दचर्चा : केकच्या कृतीतलं ‘बटरमिल्क’ म्हणजे कुठलं ताक?

प्रश्न, म्हापसा

केक, मफिन, सोडा ब्रेड यांच्या इंग्रजी कृतींत ‘बटरमिल्क’ लागतं. त्या मराठीत आणणारे सगळे सरळ ‘ताक’ लिहून मोकळे होतात. कृतीत ‘१ कप ताक’ वाचून आपण जेवणावर पितो ते ताक घातलं, तर केकचं पीठ पळीवरून पाण्यासारखं ओघळतं. शब्दकोश उघडला तर तिथेही बटरमिल्क म्हणजे ताकच. मग मराठीत या वस्तूला नेमकं काय म्हणायचं? मठ्ठा? पातळ दही? की ‘बटरमिल्क’ तसंच ठेवायचं? ताकाला जाऊन भांडं लपवत नाही : मला शब्द हवाच आहे, पण घरी ते नसेल तेव्हा त्याच्या जागी काय घालायचं तेही हवं आहे.

डिचोली

मठ्ठा म्हणा. ताक पातळ, मठ्ठा दाट. वेगळा शब्द कशाला शोधायचा?

फोंडा

मठ्ठा नको. दाट असतो हे खरं, पण मठ्ठा म्हटलं की आलं, मिरची, कोथिंबीर, मीठ आणि चवीला साखर आलीच. लग्नाच्या पंगतीत जिलबीच्या शेजारी जो येतो तो मठ्ठा. केकच्या साहित्याच्या यादीत ‘मठ्ठा’ वाचून कुणी तसलाच ओतला तर दोष वाचणाऱ्याचा नाही, लिहिणाऱ्याचा. दुकानात मिळणाऱ्या मसाला ताकाच्या पिशवीचंही तेच. तिच्यात मीठ आणि जिरं असतं, आणि पाणीही भरपूर.

शब्दकोश चुकलेला नाही. इंग्रजीतला शब्द मुळात आपल्या ताकासारखाच आहे. साय आंबवून घुसळायची, लोणी काढायचं, खाली उरेल ते बटरमिल्क. आयर्लंडमधल्या शेतघरांत सोडा ब्रेड भाजायला लागले ते याच उरलेल्या ताकावर : पीठ, मीठ, सोडा, ताक, बस. आज परदेशात खोक्यातून मिळतं ते मात्र लोणी काढून उरलेलं नसतं. कमी चरबीच्या दुधाला जिवाणूंचं विरजण लावून ते आंबट आणि दाट करतात. वरून पाणी घालत नाहीत. वस्तू बदलली, नाव जुनंच राहिलं. आपण भाषांतर करतो ते जुन्या नावाचं, आणि कृतीला हवी असते नवी वस्तू. सगळा घोळ इथे आहे.

आपलं ताकही एक नाही. एका वाटी दह्यात दोन-तीन वाट्या पाणी घालून रवीने घुसळलेलं ते जेवणावरचं. साय साठवून, विरजून, घुसळून लोणी काढल्यावर डेऱ्यात उरतं ते वेगळं, पांढरंशुभ्र आणि किंचित स्निग्ध. घरी लोणी काढणाऱ्यांनी हे सायीचं ताक केकसाठी राखून ठेवावं असं मी आग्रहाने सांगेन. घुसळताना सायीतल्या चरबीच्या कणांवरची पातळ आवरणं फुटून ताकात उतरतात, आणि त्यांतली द्रव्यं पाणी आणि तूप एकजीव धरून ठेवायला मदत करतात. अशा ताकाचा केक मऊ होतो. एकच काळजी घ्यायची : लोणी गोळा व्हावं म्हणून आपण बर्फाचं पाणी ओततो, त्याआधीच थोडं दाट ताक बाजूला काढून ठेवायचं.

पणजी

पाण्याच्या मापाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. भावमिश्रांच्या १६व्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात याची पाच नावं आहेत. सायीसकट, पाणी न घालता घुसळलेलं ते घोल. साय काढून, पाणी न घालता घुसळलेलं ते मथित. चौथा हिस्सा पाणी घातलेलं तक्र. निम्मं पाणी घातलेलं उदश्वित्. लोणी काढून भरपूर पाणी घातलेली, नितळ ती छच्छिका. आपला ‘ताक’ शब्द तक्रावरून आला, पण आपण जेवताना पितो ती बहुतेक वेळा छच्छिका असते. ‘तक्रं शक्रस्य दुर्लभम्’ (ताक इंद्रालाही दुर्लभ) म्हणतात तेही मग कुठल्या ताकाबद्दल, हा प्रश्न उरतोच.

फोंडा

फार उपयोगी माहिती दिलीत. साय काढलेलं, बिनपाण्याचं म्हणजे मथित. खोक्यातलं बटरमिल्क नेमकं त्याच घडणीचं असतं. म्हणजे आपल्याकडे हा भेद होता, त्याला नावही होतं, बोलण्यातून ते गेलं. तरी आज कृतीत ‘१ कप मथित’ लिहिलं तर कुणाला कळणार नाही, म्हणून तो शब्द पुन्हा आणा असं मी म्हणणार नाही. साहित्याच्या यादीत ‘घट्ट ताक’ लिहावं आणि तिथल्या तिथे माप द्यावं : पाऊण कप दही, पाव कप पाणी, गुठळी राहणार नाही असं घुसळून. वाचणाऱ्याला शब्दही कळतो आणि वस्तूही हातात येते. दही अदमुरं नको, नीट आंबलेलं हवं. आणि कप म्हणजे २४० मिलिलिटर. आपली आमटीची वाटी त्यापेक्षा लहान असते.

आंबटपणावर एवढा जोर का, तर खाण्याचा सोडा आंबटाशिवाय नीट काम करत नाही. ताकातलं आम्ल आणि सोडा भेटले की वायू सुटतो, तो पिठात अडकतो आणि केक फुगतो. आम्ल कमी पडलं तर सोडा तसाच उरतो. मग केक बसका होतो, वरून जास्त तांबूस दिसतो आणि जिभेला साबणासारखी चव लागते. एक कप घट्ट आंबट ताकाला अर्धा चहाचा चमचा सोडा पुरतो. ताक आणि सोडा एकत्र आले की पीठ लगेच ओव्हनमध्ये जायला हवं. टेबलावर पंधरा-वीस मिनिटं राहिलं तर वायूचे बुडबुडे वरच्या वर विरतात.

मडगाव

आमच्याकडे जुन्या केकांत ताक नसायचंच. बेबिंकेत नारळाचा रस आणि अंड्यांचा बलक, बातिकेत रवा आणि खोबरं. पावाला आणि सान्नांना (वाफवलेल्या तांदळाच्या इडल्यांना) पोदेर, म्हणजे पाववाले, आणि घरच्या बायका सूर, म्हणजे ताडी, घालत. फुगवण्याचं काम अंडी नाहीतर सूर करायचे. ‘बटरमिल्क’ आमच्या फोर्नापर्यंत, म्हणजे भट्टीपर्यंत, आलं ते हल्लीच्या व्हिडिओंमधून. म्हणून त्याला आमच्या तोंडी शब्दच नाही. कोंकणीतही ताक ते ताकच, दही मात्र धंय.

पेडणे

मडगावकरांच्या म्हणण्याला जोड देते. गोव्यात आंबटाची जागा ताकाने फारशी घेतलेलीच नाही. हुमणाला (मासळीच्या कालवणाला) सोलां, म्हणजे कोकम, भाजीला बिंबलां, कधी चिंच, कधी आंबाडे. मासळी असेल त्या दिवशी सोलकढी, शिवराक (शाकाहारी) असेल त्या दिवशी ताक, असा आमच्या घरचा रिवाज. मासळीबरोबर दही-ताक चालत नाही हे लहानपणापासून बजावलेलं. त्यामुळे ताक घालून शिजवायचं म्हटलं तर आमच्या हातून फक्त कढी होते. आणि ‘कढी’ म्हटलं तरी घोळच : गोव्यात शीत-कडी म्हणजे भात आणि नारळाचं कालवण. पाहुण्यांना ‘ताकाची कढी’ असं पूर्ण नाव घेऊन सांगावं लागतं.

आता माझा प्रश्न. घरात आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, नेहमी असतं. दुधात आगळ घालून बटरमिल्क होईल का?

फोंडा

दूध फाटेल, पण केकला नको. आगळ मीठ घालून टिकवलेलं असतं, केक खारट लागेल. दुसरं म्हणजे सोलांचा लाल रंग आंबटात लाल राहतो, सोड्याशी गाठ पडली की निळसर-करडा होतो. पांढऱ्या केकमध्ये तो रंग बघवत नाही.

त्याऐवजी लिंबू घ्या. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर लिंबाचा रस कपात घालून वर कप भरेपर्यंत दूध ओता, ढवळा, पाच-दहा मिनिटं ठेवा. दूध किंचित फाटल्यासारखं, कणीदार दिसेल. तसंच दिसायला हवं, फेकू नका. खोक्यातल्या बटरमिल्कसारखी दाटी मात्र त्याला येत नाही, म्हणून पीठ जरा सैल वाटलं तर दूध दोन चमचे कमी घ्या. लिंबाऐवजी विनेगरही त्याच मापाने चालतं. आपल्याकडचं सुराचं विनेगर घालणार असाल तर आधी जिभेवर थेंब ठेवून बघा. घरगुती विनेगर कधी तिखट आंबट तर कधी अगदी सौम्य निघतं, आणि त्याचा वास केकमध्ये मागे राहतो. मसाल्याच्या किंवा चॉकलेटच्या केकमध्ये तो खपून जातो, व्हॅनिलाच्या केकमध्ये नाही.

दूध न खाणाऱ्यांसाठी नारळाचा जाड रस, म्हणजे आपरोस, आणि वरच्याच मापाने, कपाला एक मोठा चमचा, लिंबाचा रस. गोव्यात हे सगळ्यांत सोपं, आणि तवसाळीसारख्या तवसं (काकडी)-रवा-गुळाच्या पदार्थात चवही जुळते.

आंबट काहीच घरात नसेल तर नुसतं दूध घाला, पण मग सोडा काढून टाका. अर्ध्या चहाच्या चमच्या सोड्याच्या जागी दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर. पावडरीत आम्ल आधीच असतं. नुसतं दूध आणि सोडा ही जोडी कधीच नको.

काणकोण

हे सगळं केकपुरतं झालं. उलटं चालतं का? घरात ताक नाही, दही नाही, कढी करायची आहे. लिंबू पिळलेल्या दुधाची होईल?

फोंडा

नाही. इथे पर्याय नाही. दूध-लिंबाचं मिश्रण तापवलं की चोथा आणि पाणी वेगळं होणार, कढईत पनीर उरणार. शिवाय कढीची चव विरजणाने येते, लिंबाने येत नाही. शेजारून विरजण आणा, कढी उद्या करा.

ताक असलं तरी ते फुटतं, म्हणून हेही लिहितो. आंबलेल्या ताकातली प्रथिनं आधीच एकमेकांना चिकटायच्या बेतात असतात, उष्णता मिळाली की गोळा होतात. बेसन त्यांना सांभाळून घेतं : त्यातला स्टार्च गरम झाला की फुगतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. पण ते बेसन थंड ताकातच कालवायला हवं. ताक तापल्यावर वरून भुरभुरलेल्या बेसनाच्या गाठी होतात आणि ताकही फुटतं. मंद आच, पळी सतत फिरती, एक उकळी येईपर्यंत झाकण नाही, मीठ शेवटी. मे महिन्यात दही सकाळी लावलं तर दुपारीच आंबट होतं. तसल्या ताकाला बेसन जरा जास्त लागतं.

डिचोली

मठ्ठा मागे घेतो. पण ‘घट्ट ताक’ यालाही माझी हरकत आहे. लोक घट्ट म्हणजे दहीच समजतील. ‘बिनपाण्याचं ताक’ म्हणा.

फोंडा

पाव कप पाणी तर आपण घालतोच, मग बिनपाण्याचं कसं म्हणायचं? दही घट्ट असतं तेव्हा चमच्याने कापलं जातं. घट्ट ताक ओतता येतं, पण धार तुटक पडते, चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहतो. एवढं वाक्य कृतीत लिहिलं की कुणाची गफलत होणार नाही. माझा कौल ‘घट्ट ताक’ यालाच. आणि ‘बटरमिल्क’ देवनागरीत लिहून सोडून देण्याला माझा विरोध आहे, कारण तो शब्द वाचून गोव्यातली बाई दुकानात जाते आणि मसाला ताकाची पिशवी घेऊन येते.

म्हापसा

सगळ्यांचे आभार. माझ्या वहीत आता ‘घट्ट ताक’ लिहिते आणि शेजारी माप. शेवटचं एक : चिकन बटरमिल्कमध्ये भिजवतात, तिथेही हेच का?

पेडणे

तिथे पातळ चालतं. सोडा नसतो, फुगायचं काही नसतं. ताकात मीठ घालून चिकन रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की मऊ होतं, कारण ताकातलं आम्ल सौम्य असतं. विनेगरमध्ये तेवढा वेळ ठेवू नका, मांसाचा वरचा थर पिठूळ होतो.

फोंडा

बरोबर. घट्ट ताक जास्त झालं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. वितळल्यावर पाणी वेगळं दिसतं, ढवळलं की मिसळतं. केकला आणि चिकनला ते चालतं, कढीला घेऊ नका.