नाणेघाटातला रांजण खरंच जकातीचा होता का?

सोपारेकर:
रविवारी लेकीला घेऊन वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढलो. वर तो दगडी रांजण बघितला, सोबतची मंडळी म्हणाली सातवाहनांच्या काळात यात जकातीची नाणी टाकायचे म्हणून नाणेघाट. तर लेक म्हणते, बाबा हे लिहिलंय कुठे? मला काही सांगता येईना. गुहेतल्या लेखात आहे का? आमच्याच सोपारा बंदरातला माल या वाटेने जुन्नरला जायचा, म्हणून जास्तच वाटलं की नीट माहीत हवं.

लेणीवेडा:
लेखात जकात नाही दादा. गुहेच्या दोन बाजूच्या भिंतींवर ब्राह्मीत जो मोठा लेख आहे तो नागनिका या सातवाहन राणीचा, साधारण इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानतात. त्यात अश्वमेधासारखे यज्ञ आणि त्यांची दक्षिणा, म्हणजे गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, सगळं आकड्यांत दिलंय. आपले अंक लिहायच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत हे आकडे धरतात, लेकीला हे नक्की सांगा! मागच्या भिंतीवर सिमुक आणि सातकर्णी हे सातवाहन राजे, नागनिका वगैरेंचे पुतळे होते, आता फक्त नावं आणि पावलं उरलीत, ते बघून दरवेळी पोटात तुटतं. रांजणाची गोष्ट परंपरेने चालत आलेली आहे. मला ती पटते, कारण खिंड कातळ फोडून केलेली आणि इतकी अरुंद की लादलेला बैल कोणाची नजर चुकवून जाणं शक्यच नाही, वर शेजारी जीवधन किल्ला पहाऱ्याला.

मुरबाडची_सून:
चढताना पाण्याची टाकी बघितलीत ना? एवढी टाकी कोणी हौसेने खोदत नाही, तांड्यांची ये-जा असणार म्हणूनच. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या की त्यांच्या लहानपणीसुद्धा खालून मीठ आणि सुकट डोक्यावर घेऊन बायका वर घाटघर गावाला जायच्या आणि येताना धान्य आणायच्या.

सोपारेकर:
ताई, हे फार छान सांगितलंत. मग वाट ओस कशी पडली?

लेणीवेडा:
एकदम नाही पडली. सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली, पुढे मुंबई वाढली, 1830 ला बोरघाटात गाडीरस्ता झाला आणि 1863 ला तिथूनच रेल्वे वर गेली, मग बैलावर माल लादून नाणेघाट कोण चढणार.

सोपारेकर:
आलं लक्षात. लेकीला आता रांजणाची गोष्ट "असं म्हणतात" म्हणून सांगतो आणि पुढच्या वेळी आधी गुहेतले आकडे दाखवतो.