ताठरतेची अडचण आणि ती कोणालाच न सांगणे

वाटसरू४८
माझे वय ४८ असून सहा वर्षांपासून मला मधुमेह आहे. गेल्या दीड वर्षात लिंगाला पुरेशी ताठरता येत नाही आणि आली तरी ती मध्येच ओसरते. सुरुवातीला कामाचा शीण, मार्चअखेरचे हिशेब, अपुरी झोप अशी कारणे मी स्वतःलाच सांगत राहिलो. आता मात्र रात्री जेवणे उरकली की टीव्हीसमोर मुद्दाम बसून राहतो आणि पत्नीला झोप लागल्याची खात्री झाल्यावरच आत जातो. तिने कधी बोल लावलेला नाही, तरी तिचे काही देणे थकले आहे असे सतत वाटते. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांना साखरेचा अहवाल दाखवतो, पायांना मुंग्या येतात हेही सांगतो, पण ही गोष्ट ओठांवर येऊन परत जाते. एसटी स्थानकाजवळच्या भिंतीवर ‘मर्दानी ताकद’ अशी जाहिरात रंगवलेली आहे. तिथला क्रमांक मी मोबाईलमध्ये उतरवून घेतला आहे. ज्यांना हा अनुभव आला, त्यांनी त्याचा अर्थ कसा लावला?

निवृत्त वैद्यकीय अधिकारी
तो क्रमांक आधी पुसून टाका. ‘शुद्ध वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कॅप्सूलांमध्ये सिल्डेनाफिल हे ताठरता आणणारे ॲलोपॅथिक औषध न सांगता मिसळलेले तपासण्यांत अनेकदा आढळले आहे. हृदयविकारासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाच्या पोटात ते गेले, तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो.

आता मुख्य मुद्दा. ताठरता मनगटातल्या जोरासारखी नसते. मेंदूचा संदेश चेतातंतूंमार्फत पोहोचला की नायट्रिक ऑक्साइड तयार होते, लिंगातील स्नायू सैलावतात, रक्त आत भरते आणि ते बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. मधुमेह चेतातंतू आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर या दोहोंना इजा करतो. तुमच्या पायांच्या मुंग्या आणि ही तक्रार यांचे मूळ बहुधा एकच असेल. शिवाय लिंगाच्या रोहिण्या साधारण १ ते २ मिलिमीटर रुंदीच्या, तर हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या असतात, त्यामुळे चरबीचा थर साचू लागला की अडथळा लहान वाहिनीत आधी जाणवतो आणि हृदयाची लक्षणे पुष्कळदा दोन ते पाच वर्षांनी दिसतात. म्हणून ही तक्रार लपवणे म्हणजे हृदयाने वेळेवर दिलेली सूचना लपवणे होय. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी तपासून घ्या. रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या काही औषधांनीही हा त्रास होतो, पण ती परस्पर बंद करू नका.

तुम्ही एकटेही नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या पुरुषांच्या पाहणीत ५२ टक्क्यांना कमी-अधिक प्रमाणात ही अडचण होती.

कृष्णाकाठ
मी ५५ वर्षांचा आहे. माझ्या मनात त्या काळात ‘नपुंसक’ हा एकच शब्द घोळत असे. आमच्याकडे तो शिवी म्हणूनच ऐकलेला, त्यामुळे आजाराचे नाव म्हणून तो मला स्वीकारताच आला नाही आणि एकदा फसल्यावर पुढच्या प्रत्येक वेळी मी पत्नीजवळ नव्हे, जणू परीक्षेलाच बसत असे. त्या धास्तीने उरलीसुरली ताठरताही जाई.

शेवटी लॅबच्या पावतीमागे दोन ओळी लिहून ती मी डॉक्टरांच्या टेबलावर सरकवली. त्यांनी ती वाचली आणि भूक लागते का हे ज्या स्वरात विचारतात, त्याच स्वरात विचारले, ‘पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का?’ ती असेल तर मनावरच्या ताणाचा वाटा मोठा असू शकतो, म्हणून हा प्रश्न असतो, हे मला नंतर कळले. त्या साध्या स्वराने माझे निम्मे ओझे उतरले. माझी रक्तदाबाची गोळी बदलली, तंबाखू सुटली आणि आता डॉक्टरांनी दिलेली गोळी गरजेपुरती घेतो. तिशीतले दिवस परत आलेले नाहीत. तरीही आम्ही पुन्हा एकमेकांच्या जवळ आहोत.

सावली
पत्नीच्या बाजूने लिहिते. माझे गर्भाशय काढल्यानंतर यांनी जवळ येणे थांबवले आणि मला वाटले की आता माझे शरीरच यांना नकोसे झाले आहे. मी आरशासमोर उभे राहणेही टाळू लागले. दोन वर्षांनी एका रात्री ओट्याजवळ ताटे पुसताना, माझ्याकडे न पाहता, ते म्हणाले, ‘तुझ्यात काही कमी नाही, मलाच जमत नाही.’ मला राग आला तो न जमण्याचा नव्हे, दोन वर्षांच्या अबोल्याचा. तुमची पत्नी बोलत नाही, याचा अर्थ तिला काही वाटत नाही असा घेऊ नका. कदाचित तीही स्वतःलाच दोष देत असेल.

वाटसरू४८
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. क्रमांक पुसला. काल टीव्ही लावलाच नाही. गुरुवारी डॉक्टरांकडे माझ्याबरोबर येशील का, एवढेच पत्नीला विचारले. कारण सांगायला शब्द जुळवत होतो, तोवर तिनेच विचारले, ‘किती वाजता निघायचं?’