मदत हवी आहे: एअर फिल्टर बदलल्यापासून गाडी ओढत नाही, फटाके मारते

म्हसरूळकर (गुरुवार, रात्री १०:४०)
जाणकारांनी लवकर सांगा, शनिवारी पहाटे सप्तशृंगी गडावर निघायचंय, चार गाड्या आहेत. परवा नवीन फिल्टर बसवला, कोन टाइप (शंकूसारखा, उघडा), ऑनलाइन मागवला होता, साडेसातशेला. घरीच बसवला. आवाज भारी येतो, पण साठच्या पुढे गाडी जातच नाही. रेस पूर्ण पिळली की कोणी मागून धरून ठेवल्यासारखी होते, आणि सोडली की सायलेन्सरमधून फटफट फटाके. सकाळी चोकशिवाय उठत नाही. आधी एक नंबर चालत होती. कार्ब्युरेटरमधलं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बदलावं लागतं म्हणतात. कितीचं टाकू?

सातपूरकर
गाडी कोणती, कोणत्या सालची? कार्ब्युरेटर की इंजेक्शन? चोक म्हणताय म्हणजे कार्ब असावा, पण लिहा तरी. आणि फिल्टरचा मूळ डबा आहे की काढला? पहिलं ते सांगा.

म्हसरूळकर
१५० सीसीची बाईक आहे, २०१३ ची. कार्बच आहे. जेटचा नंबर सांगा ना कोणीतरी.

घाटवाला
भाऊ, जेट वगैरे काही नाही. नाशिक उंचावर आहे, हवा विरळ, म्हणून पेट्रोल कमी पडतं. माझ्या मेव्हण्याने ठाण्याहून गाडी आणली तेव्हा कसारा घाट चढल्यापासून अशीच करायची. कार्बवरचा एअर स्क्रू अर्धा फेरा फिरवा.

जुना_फिटर
घाटवाले, उलटं झालं. हवा विरळ झाली की कार्बच्या गाडीत हवा कमी आणि पेट्रोल जास्त पडतं. गाडी रिच होते, लीन नाही. शिवाय म्हसरूळकरांची गाडी आधीही नाशिकातच चालत होती आणि नीट चालत होती. मंगळवारी नाशिकची उंची वाढलेली नाही.

घाटवाला
पुस्तकातलं मला सांगू नका. गाडी मी स्वतः चालवली आहे.

रायडर_पंचवटी
कोन टाकायचाच कशाला? मूळ डब्यातच बसणारा कापडी जाळीचा, तेल लावायचा फिल्टर मिळतो. धुवा, सावलीत सुकवा, तेल लावा, परत बसवा. चार वर्षं वापरतोय, तक्रार नाही. मात्र तेल बेतानं लावा.

कायद्याचं_बोला
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही. सायलेन्सर बदलला असेल तर आधी तो काढा.

म्हसरूळकर
सायलेन्सर कंपनीचाच आहे हो, त्याला हात लावलेला नाही. डबा काढलाय. कोनला जागाच होत नव्हती.

जुना_फिटर
मग हे आधी लिहायला हवं होतं. डबा म्हणजे नुसतं फिल्टर ठेवायचं खोकं नाही. त्यात साठलेली हवा कार्बला एकसारखी, न हेलकावता मिळते. तुमच्या मॉडेलला व्हॅक्यूमवर चालणारा कार्ब असेल तर त्यातली स्लाइड रबरी पडद्यावर, हवेच्या दाबाच्या फरकाने वर जाते. डबा गेला की हवा धक्क्याधक्क्याने येते, स्लाइड थरथरते, पूर्ण उचलत नाही. वर कोनमधून हवा जास्त येते आणि मेन जेट तेच. साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे पूर्ण जळण्याचं प्रमाण, आणि पूर्ण रेसला इंजिनाला त्याहूनही थोडं जास्त पेट्रोल हवं असतं. तुमच्याकडे नेमकं तिथेच कमी पडतंय.

नंबर मी सांगणार नाही. कार्बच्या बनावटीप्रमाणे नंबर वेगळे असतात, अंदाजाने टाकलेल्या जेटने पिस्टन धरलेला, म्हणजे जाम झालेला, मी पाहिला आहे.

आता दोन गोष्टी सांगा. डबा काढला तेव्हा त्याला आणि आजूबाजूला किती पाईप होते, ते कुठे गेले? आणि प्लग बघा: मोकळ्या रस्त्यावर पूर्ण रेसने थोडं पळवा, तशाच रेसवर इंजिन बंद करून क्लच दाबा, कडेला घ्या. इंजिन निवल्यावर प्लग उघडा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक, काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी.

ओझरची_आरती
धुळीचं कोणीच बोलत नाही. कुंभमेळ्याच्या कामांसाठी इतके रस्ते उकरलेत, उघडा कोन ती सगळी धूळ तोंडावर घेतो. स्वस्त कोनची जाळी उजेडात धरून बघा, आरपार दिसलं तर बसवू नका. माझ्या आधीच्या गाडीच्या इंजिनाचं बोरिंग याच हौसेपायी करावं लागलं, धूर मारायला लागली होती. पावसाळ्यात इगतपुरीकडे गेलात तर पाणीही थेट आत.

मिसळवाला
अवांतर: दिंडोरी रोडने जाताय तर नाश्ता उजाडताच उरका. आणि घाट चढवायचा नसेल तर गाड्या खाली लावून २०१८ पासून सुरू असलेल्या ट्रॉलीने वर जाता येतं.

म्हसरूळकर (शुक्रवार, सकाळी ७:१५)
पाईप तीन होते. जाड एक, तो इंजिनातून येतो, खाली लोंबतोय. दोन बारीक. त्यातला एक कुठला ते कळलं नाही, म्हणून तसाच सोडला. प्लग खडूसारखा पांढरा आहे. फोटो टाकलाय.

जुना_फिटर
फोटो पाहिला. कार्ब आणि हेडच्या मधल्या मॅनिफोल्डला बारीक नळी आहे, ती उघडी आहे. तिथून कार्ब वगळून थेट हवा आत जातेय. चोक लागतो तो त्यामुळे, फटाक्यांचंही मोठं कारण तेच. तो पाईप एक्झॉस्टमध्ये हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हला जातो, परत जोडा, क्लिप लावा. दुसरा बारीक पाईप त्याच व्हॉल्व्हला डब्यातली गाळलेली हवा देतो, तो उघडा ठेवू नका. जाड पाईप इंजिनाच्या वाफेचा, तो बुजवू तर अजिबात नका, ऑइल सील फुटतील.

रायडर_पंचवटी
आणि डबा परत बसवा. भंगारात दिला नाही ना?

सातपूरकर
जेटिंग नीट केलं तर कोनही चालतो, मी दोन गाड्यांवर केलंय. पण त्याला दोन रविवार आणि चार-पाच जेट लागतात. उद्यासाठी नाही.

म्हसरूळकर (शुक्रवार, रात्री ९:०५)
बारीक पाईप जोडला, लगेच फरक. चोक न लावता उठली, फटाके बरेच कमी. पण साठ-पासष्टलाच अडकायची. मग माळ्यावरून डबा काढला, पंचवटीतून कंपनीचा कागदी फिल्टर आणला, तिन्ही पाईप जागच्या जागी लावले. आत्ता दिंडोरी रोडला आशेवाडीपर्यंत जाऊन आलो. पूर्वीसारखी ओढते. फिटरकाका, खूप आभार, तुम्ही पाईपचं विचारलं नसतं तर मी जेट घेऊन बसलो असतो.

जुना_फिटर
छान. गडावरून आलात की प्लग पुन्हा उघडून रंग कळवा. पांढऱ्या प्लगवर किती दिवस पळवली?

म्हसरूळकर
तीन दिवस, ऐंशी-नव्वद किलोमीटर.

जुना_फिटर
मग काळजी नको. ऑइलची पातळी बघून निघा.

नवा_सिडकोकर
माझी २०२१ ची इंजेक्शनवाली आहे. मला कोन चालेल का?